गाडी किती वर्षं ठेवणार?

प्रश्न: ताई, आमची गाडी १३ वर्षांची झाली. यंदा तीनदा गॅरेजमध्ये गेली. गेल्या महिन्यात क्लच प्लेट बदलली तेव्हा मेकॅनिकच म्हणाला, "आता हिला सोडा." नवी घ्यायची हे नक्की, पण कशी घ्यायची यावरून घरात दोन तट पडलेत. शोरूममधला माणूस म्हणतो, लीजवर घ्या, ३६ महिने वापरा, परत करा, पुढची नवी घ्या. कर्जापेक्षा हप्ता कमी बसतो. नवऱ्याला ते पटलंय, त्याला तर विजेवर चालणारी हवी आहे. बाबा म्हणतात, भाडं भरून शेवटी हातात काय? पैसे पाण्यात. माझी नोकरी बदलीची आहे, दीड-दोन वर्षांत कुठे टाकतील सांगता येत नाही, म्हणून मलाही लीज बरं वाटतं; अडकून पडायला नको. ऑफिसचं जाणं-येणं रोज ४२ किलोमीटर. आई-बाबा १८० किलोमीटरवर राहतात, महिन्यातून दोनदा जातो. मुलगा ४ वर्षांचा आहे. लीज आणि कर्ज, दोन्हींची कोटेशन सोबत जोडली आहेत. शनिवारी सही करायची आहे. काय करू?
– दोन्हीकडून ओढली गेलेली

उत्तर: शनिवारची सही पुढे ढकला, हे आधी सांगते. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. घाई शोरूमला आहे, त्यांचा महिना संपत आलेला असतो. तुम्हाला कसली घाई? १३ वर्षं चाललेली गाडी आणखी तीन आठवडे चालेल.

तुमच्या पत्रात तिघांची मतं आहेत, पण त्या तिघांपेक्षा कोटेशन जास्त बोलतात. मी पेन्सिल घेऊन बसले. आकडे आटोपशीर राहावेत म्हणून गाडीची किंमत १०० धरली आहे. वाचताना तुमचे आकडे घाला, प्रमाण तेच राहील.

लीजचा कागद म्हणतो, आज गाडी १०० ची आहे आणि ३६ महिन्यांनी ती ५५ ची उरेल. या ५५ ला तिथे 'रेसिड्युअल व्हॅल्यू' म्हटलंय. म्हणजे तीन वर्षांत किंमत ४५ ने उतरणार आणि ती उतरण तुम्ही भरायची. ४५ भागिले ३६, महिन्याला १.२५. हा हप्त्याचा पहिला तुकडा. दुसरा तुकडा व्याजाचा, आणि तो शोधताना मला चष्मा दोनदा पुसावा लागला, कारण टक्क्यांत व्याज कुठे लिहिलेलंच नाही. दुसऱ्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात 'मनी फॅक्टर ०.००३७५' एवढंच आहे. दिसायला किती गरीब आकडा! त्याला २४०० ने गुणा. ९ येतात. वर्षाला ९ टक्के. आता हा बारका आकडा सुरुवातीची आणि शेवटची किंमत यांच्या बेरजेला, म्हणजे १५५ ला लावायचा. सरासरी काढायला दोनाने भागायचं काम त्या २४०० मध्येच उरकलेलं असतं: १२ महिने, १०० टक्के आणि २ यांचा तो गुणाकार. व्याज झालं महिन्याला ०.५८. दोन्ही तुकडे मिळून हप्ता १.८३.

कर्जाच्या कोटेशनमध्ये १०० चं कर्ज, ६० महिने, ९ टक्के, हप्ता २.०८. शेजारी 'रिड्युसिंग' असा शब्द आहे, तो तुमच्या बाजूचा. फेडलेल्या रकमेवर पुन्हा व्याज लागत नाही, असा त्याचा अर्थ. तिथे 'फ्लॅट' असतं, म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज, तर मी ते कोटेशन परत करा म्हटलं असतं. तीन वर्षांच्या कर्जावर १० टक्के फ्लॅट म्हणजे खऱ्या हिशेबाने १८ टक्क्यांच्या आसपास पडतं, आणि सांगणारा ते हसत हसत सांगतो.

तर लीज १.८३, कर्ज २.०८. शोरूमवाला खोटं बोलला नाही, हप्ता कमीच आहे. आता दोन्ही बाजूंनी ३६ महिने पुढे जाऊन उभं राहू. लीजमध्ये एकूण ६६ भरले आणि किल्ली परत केली. कर्जात सुमारे ७५ भरले, ४५.५ फेडायचे राहिले, पण दारात ५५ ची गाडी उभी आहे. ती विकली, कर्ज मिटवलं, हातात ९.५ आले. ७५ मधून ते वजा करा: साधारण ६५.

६६ आणि ६५. घरात ज्यावरून दोन तट पडले ते एवढंच.

बाबांना हे दाखवा. गाडीची किंमत मालकाच्या दारातही उतरते आणि भाडेकरूच्या दारातही उतरते. मालकाला त्याची दरमहा पावती मिळत नाही, म्हणून ती दिसत नाही. त्यांचं 'पैसे पाण्यात' दोन्हीकडे सारखंच खरं आहे.

पण बाबा एका ठिकाणी बरोबर आहेत, आणि ते ठिकाण आहे ६१ वा महिना. त्या महिन्यात कर्जाचा हप्ता जात नाही. ६२ व्यातही नाही. तुम्ही मागची गाडी १३ वर्षं वापरलीत. हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, मला मात्र सगळ्या पत्रात तेच महत्त्वाचं वाटलं. शोरूमवाला तुमच्यासमोर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्या बाईचा हिशेब मांडतोय आणि तुम्ही ती बाई नाही. आठ वर्षांचा हिशेब करून बघा. कर्जावर एकूण सुमारे १२५ गेले, सहाव्या वर्षापासूनच्या दुरुस्तीला सढळ हाताने २० धरा, आठ वर्षांनी जुनी गाडी २० ला तरी जाईल. निव्वळ १२५. लीजवर लीज घेत राहिलात तर ९६ महिने गुणिले १.८३, म्हणजे १७६, तेही पुढच्या गाडीचा भाव वाढला नाही असं धरून. दर तीन वर्षांनी नव्या गाडीचा वास हवा असेल आणि त्यासाठी ५० मोजायची तयारी असेल तर जरूर मोजा, तो काही गुन्हा नाही. फक्त ती चैन आहे हे ठाऊक असू द्या. हप्ता कमी दिसला म्हणून ती बचत होत नाही.

आता किलोमीटर. लीजमध्ये मर्यादा आहे वर्षाला १५,०००. तुम्ही पत्रात दोन्ही अंतरं दिलीत, पण बेरीज केली नाहीत. ४२ गुणिले महिन्याचे २३ दिवस, वर्षाला साडेअकरा हजार. एवढंच बघितलं तर पंधरा हजारांत आरामात बसतं, आणि शोरूममध्ये तुम्ही बहुधा ऑफिसचंच अंतर सांगितलं असणार. आई-बाबांकडे एक फेरी ३६० ची, महिन्याला दोन, वर्षाला ८,६४०. झाले वीस हजारांवर. सुट्टीतली एखादी सहल, लग्नकार्यं धरलीच नाहीत. तीन वर्षांत ४५,००० ऐवजी ६०,००० च्या पुढे जाल आणि जास्तीचे पंधरा-सोळा हजार किलोमीटर गाडी परत करताना मोजून घेतले जातील. तुमच्या कागदावरचा प्रति किलोमीटर आकार लावला तर ती रक्कम तीन हप्त्यांच्या घरात जाते. म्हणजे ६६ चे ७१-७२ झाले. मर्यादा आधीच २०,००० ची करून घेतली तर हप्ता थोडा वाढतो, पण शेवटी भरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आणि एक, न वापरलेल्या किलोमीटरचे पैसे सहसा कोणी परत देत नाही. आई-बाबांकडे जायच्या आधी मीटरकडे बघायला लागणं मला तरी नको वाटेल.

बदलीचं तुम्ही उलटं धरलंय, आणि ही चूक खूप जण करतात. लीज म्हणजे मोकळीक असं वाटतं, कारण शेवटी गाडी परत करता येते. पण ती शेवटीच परत करता येते. मधे सोडायची तर? तुमच्या करारात मुदतीआधी परत केल्यास उरलेले हप्ते आणि वर बंद करण्याचा आकार, असं कलम आहे. २० व्या महिन्यात बदली झाली तर १६ हप्ते राहिलेले असतात, म्हणजे २९, आणि गाडीही गेलेली. काही कंपन्या लीज दुसऱ्याच्या नावावर करू देतात. तुमच्या करारात ते दिसलं नाही. शिवाय गाडी कायमची दुसरीकडे न्यायची तर त्यांची लेखी परवानगी लागणार.

स्वतःची गाडी कधीही विकता येते. मात्र इथे मी तुम्हाला गोड चित्र दाखवणार नाही. पूर्ण १०० चं कर्ज काढलंत तर २० व्या महिन्यात ७१ च्या वर फेडायचे असतील आणि गाडीला तेव्हा साधारण ७० येतील, कारण नवी गाडी पहिल्याच वर्षी सगळ्यात जास्त उतरते. वरून खिशातले घालावे लागतील. म्हणून कर्जात आधी २० भरा. मग त्याच महिन्यात कर्ज ५७ उरतं आणि विकलीत तर १३ हातात येतात.

लीजच्या कोटेशनमध्येही 'सुरुवातीला १० भरा, हप्ता आणखी खाली येईल' असं कोणीतरी पेनने लिहून दिलंय. ते करू नका. कर्जात आधी भरलेले पैसे तुमच्या गाडीत जातात, लीजमध्ये ते आगाऊ भाडं असतं. चौथ्या महिन्यात गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पार गेली तर विम्याचे पैसे गाडीच्या मालकाला, म्हणजे लीज कंपनीला मिळतात, आणि तुमचे १० बहुतेक करारांत परत येत नाहीत. अनामत वेगळी, ती परत मिळते. कागदावर नेमका कुठला शब्द आहे ते बघा. विम्याची रक्कम आणि करारातली बाकी यांत फरक पडला तर तो भरून देणारं गॅप कव्हर आहे का, तेही विचारा.

मी स्वतः एकदा लीजवर गाडी घेतली होती, त्यामुळे हे सगळं काही पुस्तकातून सांगत नाही. गाडी घेताना कॉफी मिळाली होती. परत द्यायच्या दिवशी एक मुलगा क्लिपबोर्ड घेऊन आला. त्याच्याकडे एटीएम कार्डाएवढं प्लास्टिकचं कार्ड होतं, मधे गोल भोक पाडलेलं. ते तो प्रत्येक ओरखड्यावर ठेवी. भोकात मावला तर 'सर्वसाधारण झीज', बाहेर आला तर लिहून घेई. मागच्या बंपरवरचा एक ओरखडा, जो मी तीन वर्षांत कधी नीट पाहिलाही नव्हता, बोटाच्या पेराएवढा बाहेर आला. मग खिशातून एक लहानसं माप काढून त्याने चारही टायरच्या खाचांची खोली मिलिमीटरमध्ये मोजली. दोन टायर नापास. शेवटी विचारलं, "दुसरी किल्ली?" दुसरी किल्ली मी पहिल्याच आठवड्यात कुठेतरी जपून ठेवली होती. इतकी जपून, की ती आजतागायत सापडलेली नाही. मुलगा सभ्य होता, आवाज चढवला नाही, फक्त लिहीत गेला. बिल घरी आलं ते दीड हप्त्याएवढं. तक्रार करायला जागा नव्हती, करारात सगळं होतं. मीच वाचलं नव्हतं. तुमच्याकडे मागच्या सीटवर ४ वर्षांचा मुलगा आहे. क्रेयॉन, सांडलेलं दूध, मुलाच्या सीटने गादीवर पाडलेले खड्डे हे आत्ताच डोळ्यासमोर आणा. स्वतःच्या गाडीत ती आठवण असते, लीजच्या गाडीत त्याला दर लावतात. लीजच घ्यायची ठरली तर गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी तारखेसकट फोटो काढा. परत द्यायच्या महिनाभर आधी स्वतःच्या ओळखीच्या माणसाकडून डाग-ओरखडे काढून घ्या, ते बहुतेक वेळा स्वस्तात होतं. आणि दुसरी किल्ली कुठे ठेवलीत ते लिहून ठेवा.

आता नवऱ्याची बाजू, कारण त्याच्या म्हणण्यात एक जागा पक्की आहे आणि ती बहुधा त्यालाही माहीत नाही. विजेवरची गाडी घ्यायची असेल तर लीजचा विचार मी झटकून टाकणार नाही. गाडी तीन वर्षांनी ५५ ची उरेल हा लीज कंपनीचा अंदाज आहे. साध्या गाडीबाबत तो फारसा चुकत नाही, विजेच्या गाडीबाबत मोठमोठ्यांचा चुकलाय. हर्ट्झ ही भाड्याने गाड्या देणारी जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. तिने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या सुमारे २०,००० विजेच्या गाड्या विकायला काढल्या. नव्यांचे भाव उतरल्यावर जुन्यांचे त्याहून गडगडले होते आणि दुरुस्तीही महाग पडत होती. त्यांची ही गत झाली, तर तुम्ही-आम्ही तीन वर्षांनंतरचा भाव कसा सांगणार? बॅटरीची वॉरंटी बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात, त्यामुळे बॅटरी लगेच बसेल ही भीती नको. भीती विक्रीच्या भावाची आहे. लीजमध्ये ती कंपनीच्या डोक्यावर जाते. अर्थात करार तसा असेल तर. काही करारांत शेवटी गाडीला ५५ ऐवजी ४० च आले तर मधले १५ तुम्ही भरायचे असतात. तसलं लीज घेऊ नका. मग भाडं तुमचं आणि तोटाही तुमचाच.

याच्या उलट बाजूही घडलेली आहे. २०२१-२२ मध्ये चिपच्या तुटवड्याने नव्या गाड्या मिळेनाशा झाल्या आणि जुन्यांचे भाव चढले. ज्यांच्या करारात शेवटी ठरलेल्या किमतीला गाडी विकत घ्यायची सोय होती, त्यांना चढ्या बाजारात जुन्या भावाची गाडी मिळाली. तुमच्या करारात ती सोय दिसत नाही. लीज घेणार असाल तर ती घालून मागा, विचारायला काही पडत नाही.

नोकरीच्या ठिकाणाहून लीज मिळत असेल आणि त्यावर करात सवलत असेल, तर वरचं ६६-६५ चं गणित बदलू शकतं. ते हिशेब खात्यात एक दिवस जाऊन विचारा. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, म्हणून मी धरलेलं नाही.

मग मी काय करेन? तुमच्या जागी असते तर शोरूममधली कुठलीच नवी गाडी घेतली नसती. तीन वर्षांची, एकाच मालकाची, सर्व्हिसचा पूर्ण कागद असलेली गाडी शोधली असती. लीजवरून परत आलेल्या गाड्या कुठेतरी विकल्या जातातच ना! त्यांची ४५ ची उतरण कोणीतरी आधीच भरलेली असते. विकणाऱ्याचा नफा धरून ६० ला मिळाली, जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त म्हणून ११ टक्के धरलं, तरी ४८ महिन्यांचा हप्ता बसतो १.५५. तुम्हाला ज्या लीजच्या हप्त्याची भुरळ पडली त्याहून कमी, आणि चार वर्षांनी गाडी तुमची. ओरखडा पडला तर पडला. बदली झाली तर बरोबर न्या किंवा विका. जी उतरायची ती बरीच उतरून झालेली असते, त्यामुळे विकताना फटका लहान बसतो. घेण्याआधी तुमच्या त्या मेकॅनिकला बरोबर न्या. स्वतःचं गिऱ्हाईक जातंय तरी "हिला सोडा" असं जो सांगतो, तो माणूस विश्वासाचा.

नवऱ्याला विजेचीच हवी असेल आणि त्यावर त्याचा जीव असेल, तर ३६ महिन्यांचं लीज घ्या, पण मर्यादा २०,००० किलोमीटरची, सुरुवातीला काही न भरता, शेवटच्या भावाची तूट कंपनीकडे आणि मधे सोडण्याचं कलम बदलून. चारपैकी शेवटचं ते बहुधा मानणार नाहीत. मानलं नाही तर तुमच्या बदलीची शक्यता किती खरी आहे, ते तुम्ही दोघांनी बसून ठरवायचं.

शनिवारी शोरूममध्ये जाच, फक्त पेन घरी ठेवून. "महिन्याला किती परवडेल?" असं तो विचारेल. आकडा सांगू नका. हप्ता एकदा सांगितला की मुदत, व्याज, सुरुवातीची रक्कम, सगळं त्या आकड्यात बसवून मिळतं. गाडीची पूर्ण किंमत आणि एकूण किती भरायचे, हे दोनच आकडे लिहून मागा. आणि लीजच्या कोटेशनमध्ये तिसऱ्या पानावर 'इतर' म्हणून ३.२ लावलेत, ते कसले हे मला तीनदा वाचूनही कळलं नाही. तेही विचारून घ्या.